आनंदाचा तास आहे, पण स्वास्थ्याचं काय? बागलीच्या शाळांवरून समजून घेऊ या

बागली (जि. देवास) : 'आनंद' या विषयासाठी वेगळं सरकारी खातं काढणारं देशातलं पहिलं राज्य मध्यप्रदेश. ते साल होतं २०१६. पुढं २०१८ मध्ये दिल्लीच्या सरकारी शाळांत नर्सरी ते आठवीपर्यंत रोज ४५ मिनिटांचा 'हॅपिनेस'चा तास सुरू झाला. २०२४ मध्ये महाराष्ट्रानं पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आणला. मुलं आणि शिक्षक शाळेत खुशीत असावेत, हे आता सरकारी कागदावरही मान्य झालं आहे. त्यावर वाद उरलेला नाही.

वाद पुढच्या मुद्द्यावर आहे. मुलांचं आणि शिक्षकांचं स्वास्थ्य हे शिक्षणाचं उद्दिष्ट मानायचं, की वेळापत्रकात आणखी एक तास वाढवून मोकळं व्हायचं? तास वाढवणं सोपं असतं. त्यासाठी शिक्षकाची नोकरी पक्की करावी लागत नाही, मुलाची भाषा शिकावी लागत नाही, परीक्षेची भीती कमी करावी लागत नाही. स्वास्थ्य खरंच उद्दिष्ट मानलं, तर मात्र ही सगळी कामं अंगावर येतात.

बागली तहसिलीतून हा विषय पाहिला की त्याचा हिशेब नीट कळतो. मुलांचं स्वास्थ्य आणि गुरुजींचं स्वास्थ्य ही दोन वेगळी खाती नाहीत. खातं एकच आहे. एका बाजूला तूट पडली की ती दुसऱ्या बाजूला दिसतेच.

बागलीच का?

देवास म्हटलं की मराठी माणसाला पवारांची थोरली पाती-धाकटी पाती आणि कुमार गंधर्व आठवतात. त्याच देवास जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला बागली आहे. माजी मुख्यमंत्री कैलाश जोशी इथूनच १९६२ पासून सलग आठ वेळा विधानसभेवर निवडून गेले. मध्यप्रदेशच्या राजकारणात बागलीची ओळख आहे ती त्यामुळं.

या तहसिलीचे सरळ दोन भाग पडतात. वरचा भाग माळव्याच्या पठाराचा. तिथं काळी जमीन, सोयाबीन, गहू आणि बोली माळवी. उदयनगर-पुंजापुराच्या बाजूला घाट उतरलं की नर्मदेच्या दिशेनं जाणारा डोंगराळ, आदिवासी भाग लागतो. लोक त्याला 'घाट नीचे' म्हणतात. भिल, भिलाला, बारेला, कोरकू अशी वस्ती आहे. महाराष्ट्रात ज्याला पाडा म्हणतात, त्याला इथं फलिया म्हणतात. नाव बदललं तरी दुखणं तेच. शाळा लहान, शिक्षक एक-दोन, आणि घरातल्या भाषेचा पुस्तकातल्या भाषेशी संबंध थोडाच.

म्हणून धडगाव, चोपडा, यावल, धारणीच्या वाचकांना बागलीची गोष्ट परकी वाटणार नाही. सातपुड्याच्या दोन्ही अंगांना हीच शाळा आहे.

स्वास्थ्य म्हणजे नेमकं काय?

आधी शब्द पाहू. 'स्वस्थ' म्हणजे स्वतःच्या जागी असलेला, ज्याचं मन ठिकाणावर आहे तो. त्याच्या उलट 'अस्वस्थ'. म्हणजे स्वास्थ्य हे नुसत्या तब्येतीपुरतं नाही आणि करमणुकीपुरतंही नाही. वर्गात गाणं म्हटलं, फुगे लावले, टाळ्या वाजवल्या तर मजा येते. मजा हवीच. पण त्या दिवशी घरी जाताना मुलाच्या मनात उद्याच्या शाळेची धास्ती असेल, तर त्याला स्वास्थ्य म्हणता येणार नाही.

शाळेपुरतं बोलायचं तर त्यात चार साध्या गोष्टी येतात. मुलाला मार आणि अपमान यांची भीती नसावी. वर्गात चाललेलं त्याला कळावं. आपण इथले आहोत असं त्याला वाटावं. आणि अडलं तर कुणाकडं जायचं हे त्याला माहीत असावं. शिक्षकाच्या बाबतीतही हेच चार मुद्दे लागू होतात. वरिष्ठांच्या अपमानाची धास्ती नको, काम अंगाबाहेरचं नको, शाळा आपली वाटावी, आणि अडचणीत बोलायला माणूस असावा.

युनेस्कोच्या बँकॉक कार्यालयानं २०१६ मध्ये 'हॅपी स्कूल्स' नावाचा अहवाल काढला. त्यात आनंदी शाळेचे २२ निकष आहेत. ते तीन गटांत बसवलेत : माणसं, पद्धत आणि जागा. पहिला गट माणसांचा आहे हे लक्षात घ्यायला हवं. इमारत आणि अभ्यासक्रम त्यानंतर येतात. शिक्षकाच्या कामाची परिस्थिती आणि त्याचं स्वतःचं बरं असणं हे त्या पहिल्याच गटात मोडतं.

कायद्यात हे आधीपासून आहे

स्वास्थ्य ही वरून चिकटवलेली नवी कल्पना आहे, असं काहींना वाटतं. तसं नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक छळ करायला बंदी आहे. कलम २९ मध्ये अभ्यासक्रम कसा असावा ते सांगितलं आहे. त्यात मुलाला भीती, मानसिक धक्का आणि चिंता यांपासून मुक्त ठेवावं असं स्पष्ट म्हटलं आहे. शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावं, हेही त्याच कलमात आहे.

शिक्षकांसाठीही तरतूद आहे. कलम २७ प्रमाणं जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं सोडून त्यांना बिगरशैक्षणिक कामाला लावता येत नाही. कायद्याच्या परिशिष्टात तासांचा हिशेबही दिला आहे. शिक्षकाचा आठवडा किमान ४५ तासांचा, आणि त्यात तयारीचा वेळ धरलेला. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १,००० तास.

आता गणित मांडू. ८०० तास भागिले २०० दिवस म्हणजे रोजचे चार तास. सहा दिवसांचे २४. आठवड्याचे ४५ तास धरले तर किमान हिशेबानं २१ तास उरतात. हे २१ तास पाठाची तयारी, वह्या तपासणं, मागं पडलेल्या मुलाजवळ बसणं आणि पालकांना भेटणं यासाठी आहेत. प्रत्यक्षात ते कुठं जातात, हे कुठल्याही सरकारी शाळेतल्या शिक्षकाला विचारावं. पोर्टलवर माहिती भरणं, समग्र आयडी आणि आधार जुळवणं, शिष्यवृत्तीचे अर्ज, मध्यान्ह भोजनाची नोंद, मतदार यादीचं काम, वेगवेगळी सर्वेक्षणं, आणि दर आठवड्याला येणारा नवा फोटो मागणारा व्हॉट्सॲप संदेश. महाराष्ट्रातला शिक्षक यात दोन-चार कामं आणखी जोडून देईल. दोन्ही राज्यांतल्या शिक्षकांची तक्रार एकच आहे : आम्हाला शिकवू द्या.

दोनशिक्षकी शाळेतला एक जण बैठकीला गेला की दुसऱ्याकडं पाचही वर्ग येतात. मग तो ओरडतो. मुलं गप्प बसतात. वरून कुणी पाहिलं तर शिस्त दिसते.

गप्प मूल : भाषेचा प्रश्न

कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. संथाळी, मुंडारी या तिच्या नात्यातल्या. हिंदी किंवा मराठीशी तिचं रक्ताचं नातं नाही. कोरकू लोक अमरावतीच्या मेळघाटात आहेत, तसेच खंडवा, बुऱ्हाणपूर, बैतूल, हरदा आणि देवासमध्येही आहेत. राज्याची सीमा मध्ये आल्यामुळं एकाच भाषेतली मुलं दोन वेगवेगळ्या परक्या भाषांत शाळा सुरू करतात. मेळघाटातलं मूल मराठीत, बागलीकडचं हिंदीत. बारेली-पावरी बोलणाऱ्या मुलांचंही तसंच आहे.

सहा वर्षांचं मूल घरी भरपूर बोलतं. शेळ्या किती, कुठल्या झाडाला काय लागलं, कुणाची बैलजोडी कशी, सगळं त्याला ठाऊक असतं. शाळेत येतं आणि एकदम मुकं होतं, कारण समोरचा माणूस बोलतो ते त्याला कळतच नाही. काही महिन्यांत त्याच्यावर 'मठ्ठ' असा शिक्का बसतो. तो शिक्का आधी शिक्षकाच्या मनात बसतो, मग मुलाच्या स्वतःच्या. पुढं चौथी-पाचवीत ते शाळेला दांड्या मारायला लागतं. आपण म्हणतो, पालकांना शिक्षणाची किंमत नाही.

मुलाला त्याच्या भाषेत 'ये, बस, काय झालं?' एवढं विचारता येणारा शिक्षक असेल तर अर्धी भीती तिथंच संपते. यासाठी योगाचा तास लागत नाही. गावातलीच शिकलेली मुलगी किंवा मुलगा शाळेत मदतीला हवा, आणि बाहेरून आलेल्या शिक्षकाला बोलीतले शे-दोनशे शब्द शिकवायची सोय हवी.

परीक्षा आणि भीती

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला (१,७६४) आणि मध्यप्रदेश तिसरा (१,३४०). दोन शेजारी राज्यं, आणि दोन्ही वरच्या तिनांत. याची कारणं अनेक असतात आणि प्रत्येक घरची वेगळी असतात. सगळं खापर परीक्षेवर फोडता येणार नाही. पण त्याच वर्षी सर्व वयोगट मिळून २,२४८ मृत्यूंच्या नोंदीत 'परीक्षेतलं अपयश' हे कारण लिहिलं गेलं. तो आकडा नजरेआड करता येत नाही.

मध्यप्रदेशानं यात काही पावलं उचलली आहेत. दहावी-बारावीत नापास झालेल्यांना पुन्हा संधी देणारी 'रुक जाना नहीं' योजना २०१६ पासून सुरू झाली. २०२५ मध्ये माध्यमिक शिक्षा मंडळानं पुरवणीच्या जागी 'द्वितीय परीक्षा' आणली. एका परीक्षेवर आयुष्य टांगलेलं नाही, हा संदेश यातून जातो. तो चांगला आहे.

दुसऱ्या बाजूला २०१९ च्या कायदा दुरुस्तीनं पाचवी आणि आठवीत पुन्हा परीक्षा घेऊन मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. मध्यप्रदेशात पाचवी-आठवीची बोर्ड पॅटर्न परीक्षा परत आली. महाराष्ट्रानंही या दोन वर्गांना वार्षिक परीक्षा लावली. मुलांना काही येत नसताना पुढं ढकलणं वाईट, हा युक्तिवाद खोटा नाही. पण दहा-अकरा वर्षांच्या मुलाला वाचता येत नसेल, तर चूक मुलाची की पाच वर्षं त्याची भाषा न समजलेल्या शाळेची? निकालपत्रावर नाव मात्र मुलाचंच छापलं जातं.

गुरुजींच्या नोकरीची गोष्ट

आता खात्याची दुसरी बाजू. मध्यप्रदेशातल्या खेड्यातला शिक्षक गेल्या तीस वर्षांत किती नावांनी ओळखला गेला, ते पाहण्यासारखं आहे.

नव्वदच्या दशकात 'शिक्षाकर्मी' आले. १ जानेवारी १९९७ ला शिक्षण हमी योजना सुरू झाली. एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि ४० मुलं असतील, आदिवासी भागात २५, तर गावानं मागणी करावी आणि सरकारनं ९० दिवसांत शाळा द्यावी, अशी ती योजना. घाटाखालच्या फलियांसारख्या वस्त्यांत शाळा पोचली ती अशा योजनांमुळं. हे श्रेय द्यायलाच हवं. पण तिथं नेमलेल्या 'गुरुजीं'चं मानधन सुरुवातीला महिना ५०० रुपये होतं. पदवी मोठी आणि पगार मजुरापेक्षा कमी.

त्यानंतर 'संविदा शिक्षक' आले, मग 'अध्यापक' आले. २०१८ मध्ये अध्यापकांना शिक्षण विभागाच्या नव्या संवर्गात घेतलं. दरम्यान रिकाम्या जागा भरायला 'अतिथी शिक्षक' ही पद्धत रुळली. शिक्षकाला आपल्याच शाळेत पाहुणा म्हणायचं, अशी ही व्यवस्था. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांचं मानधन दुप्पट करण्याची घोषणा झाली. वर्ग तीनला ५,००० चे १०,०००, वर्ग दोनला ७,००० चे १४,०००, वर्ग एकला ९,००० चे १८,०००. ही वाढ मोठीच होती. तरी नेमणूक सत्रापुरती. वर्ग तीनचं मानधन दहा महिने धरलं तर वर्षाचे एक लाख, म्हणजे बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला सुमारे ८,३३३ रुपये. उन्हाळ्यात काय करायचं, आणि जुलैत परत बोलावतील का, हे दोन प्रश्न दरवर्षी नव्यानं उभे राहतात.

महाराष्ट्राची गोष्ट फार वेगळी नाही. २००० पासून 'शिक्षणसेवक' आहेत. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला अनेक वर्षं ६,००० रुपयांवर काम करावं लागलं. २०२३ पासून ते १६,००० झालं. फरक इतकाच की शिक्षणसेवकाला तीन वर्षांनी कायम होण्याची वाट दिसते.

यात १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरलेल्या, सेवेत असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी उत्तीर्ण व्हावी, असं न्यायालयानं सांगितलं. मुलांना पात्र शिक्षक मिळायला हवा, यात शंका नाही. पण वीस-बावीस वर्षं शिकवलेल्या, पन्नाशीला आलेल्या माणसाला आपण नापास झालो तर काय, ही भीती आता रोज सोबत घेऊन वर्गात जावं लागतं. मुलांच्या परीक्षेच्या भीतीवर बोलणाऱ्या समाजानं शिक्षकांच्या या भीतीकडंही पाहायला हवं.

मुलांच्या बाजूनंही याचा हिशेब होतो. पहिलीत मुलाला घर सोडून पहिल्यांदा एका मोठ्या माणसाचा लळा लागतो. दरवर्षी तो माणूस बदलला तर मूल जीव लावणं सोडून देतं. आणि पुढच्या वर्षी असू की नसू हे ज्याला माहीत नाही, तो शिक्षक मुलाची बोली शिकण्यात तीन वर्षं कशासाठी घालवेल?

आनंद विभाग काय करतो?

राज्य आनंद संस्थानाचं काम अनेकांना फक्त जानेवारीतल्या 'आनंद उत्सवा'पुरतं माहीत आहे. रस्सीखेच, पोत्याची शर्यत, भजन, लोकगीतं. गावाला एकत्र आणणारा कार्यक्रम म्हणून तो वाईट नाही. त्याशिवाय 'अल्पविराम' नावाचा उपक्रम आहे. त्यात सरकारी कर्मचाऱ्यांना कामातून थोडं थांबून, शांत बसून स्वतःकडं पाहायला शिकवतात. शाळांतल्या मोठ्या मुलांसाठी 'आनंद सभा' आहे. कृतज्ञता, क्षमा, मदत अशा विषयांवर तिथं बोलणं होतं.

यातून काहीच होत नाही असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. घडीभर शांत बसायला मिळणंही कित्येक शिक्षकांना नवीन असतं. अडचण वेगळी आहे. अल्पविराम घेऊन गुरुजी शाळेत परततात तेव्हा तेच पोर्टल, तेच पाच वर्ग आणि तोच सत्रापुरता करार त्यांची वाट पाहत असतो. आत डोकावून पाहणं ठीक, पण चटका बाहेरच्या तव्याचा असेल तर तवा उतरवावा लागतो.

आधी करून दाखवलेलं आहे

हे सगळं अशक्य कोटीतलं वाटत असेल, तर आपल्याच भागातली तीन उदाहरणं पाहावीत.

पहिलं कोसबाडचं. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचं काम करून आल्या. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना तिथंच येऊन मिळाल्या. पुढं हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेलं. मुलं शाळेत येत नव्हती. बायांनी कारण शोधलं. मुलं गुरं राखायला जात होती. मग शाळाच कुरणावर नेली, ती 'कुरणशाळा'. लहान मुलांसाठी पाड्याच्या अंगणात शाळा भरवली, त्यातूनच 'अंगणवाडी' ही कल्पना रुजली. मूल शाळेत बसत नसेल तर शाळेनं मुलाच्या जागी जाऊन बसावं. ही रीत त्यांनी तेव्हाच घालून दिली.

दुसरं माळवा-नर्मदेच्या पट्ट्यातलं. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेनं तो पुढं नेला, आणि देवासमध्येही तिचं केंद्र होतं. मुलं प्रयोग करून शिकत. परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायला परवानगी होती, प्रयोगाचीही परीक्षा होती. 'सवालीराम' या काल्पनिक पात्राला मुलं पत्रं लिहून वाट्टेल ते प्रश्न विचारत आणि त्यांना उत्तरं मिळत. शिक्षकांच्या दर महिन्याला बैठका होत. काय जमलं, काय फसलं, हे तिथं मोकळेपणानं बोललं जाई. 'स्वास्थ्य' हा शब्द कुणी वापरत नव्हतं. पण मुलाची भीती जात होती आणि शिक्षकाला मान मिळत होता. २००२ मध्ये राज्य सरकारनं हा कार्यक्रम बंद केला. एकलव्यच्या 'संदर्भ'वरून प्रेरणा घेऊन पुण्याहून मराठीत 'शैक्षणिक संदर्भ' निघालं, ही त्या कामाची सीमेपलीकडे गेलेली फांदी.

तिसरं कोल्हापूरचं. लीला पाटील यांनी १९८५ मध्ये 'सृजन आनंद'ची शाळा सुरू केली. आनंद हा शब्द शाळेच्या नावातच. मुलांना परिसरातून शिकू देणं आणि शिक्षकाला विचार करायला मोकळीक देणं, असं हे काम होतं. कुठल्याही सरकारी आनंद विभागाच्या तीस वर्षं आधीचं.

तिन्हीकडं एक गोष्ट समान दिसते. आनंदाचा वेगळा तास कुठंच नव्हता. शिकवण्याची रीतच अशी होती की भीतीला जागा उरत नव्हती.

शाळेबाहेरचं ओझं

काही दुखणी शाळेच्या फाटकाबाहेर सुरू होतात. पेरणी झाली, शेतात काम संपलं, की घरं कुलूपबंद होतात. बडवानी-खरगोनकडची कुटुंबं ऊसतोडीला महाराष्ट्रात येतात, इतर ठिकाणची मजुरीच्या मागं शहरांकडं जातात. मूल दिवाळीनंतर शाळेतून गायब होतं आणि होळीला परत येतं. तोवर वर्ग पुढं गेलेला असतो.

बागलीत 'समाज प्रगती सहयोग' ही संस्था १९९० पासून पाणलोट, शेती आणि महिला बचत गटांचं काम करते आहे. वरवर पाहता याचा शाळेशी संबंध नाही. पण बंधाऱ्यात पाणी राहिलं तर रब्बीचं पीक निघतं, पीक निघालं तर घर गावात राहतं, आणि घर गावात राहिलं तर मूल वर्गात राहतं. मुलाच्या स्वास्थ्याची सुरुवात कधी कधी अशी विहिरीपासून होते.

समुपदेशक कुठून आणायचा?

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, आणि त्यापेक्षा लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक संबंध ठेवावा, असं त्यात आहे. शिक्षक आणि इतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा यासंबंधी प्रशिक्षण द्यायलाही सांगितलं आहे.

शहरात हे जमेल. फलियावरच्या शाळेत १०० मुलं क्वचितच असतात. म्हणजे तिथं समुपदेशक नेमला जाणार नाही, बाहेरचा संबंध तेवढा ठेवला जाईल. तो संबंध कागदावरच राहू नये, हे पाहणं गावाचं काम आहे. तज्ज्ञ येईपर्यंत मुलाच्या मनातलं ऐकणारा माणूस म्हणजे तिथला शिक्षकच. त्याच्याकडं ऐकायला वेळ आणि मनाची जागा आहे का, इथं येऊन गोष्ट पुन्हा त्या एकाच खात्यावर थांबते.

पालकांनी काय विचारायचं?

शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेत समिती दिली आहे. मध्यप्रदेशात ती 'शाला प्रबंधन समिती', महाराष्ट्रात 'शाळा व्यवस्थापन समिती'. त्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. समितीच्या बैठकीत रंगरंगोटी आणि खिचडी यावर बोलणं होतंच. त्याबरोबर हे प्रश्न विचारता येतात :

– शाळेत मारणं, उठाबशा, जातीवरून किंवा भाषेवरून टोमणे पूर्ण बंद आहेत का? तक्रार कुणाकडं करायची, हे मुलांना सांगितलंय का?

– पहिली-दुसरीच्या वर्गात मुलांची बोली समजणारं कुणी आहे का?

– गेल्या महिन्यात गुरुजी किती दिवस बैठक, सर्वेक्षण, पोर्टलच्या कामात गेले? त्याची नोंद समितीनं ठेवावी. तोंडी तक्रारीपेक्षा तारखांची वही जास्त बोलते.

– अतिथी शिक्षकाचं मानधन वेळेवर मिळतं का? चांगलं शिकवणाऱ्याला पुढच्या सत्रात परत घ्यावं, असा ठराव समिती करू शकते.

– मूल स्थलांतराला गेलं तर परत आल्यावर त्याला वर्गाबरोबर आणायची काय सोय आहे?

– सतत गप्प राहणारं, एकाएकी बदललेलं, शाळा टाळणारं मूल दिसलं तर पहिलं पाऊल कोण उचलणार?

शेवटच्या प्रश्नासाठी दोन क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावेत. १४४१६ हा 'टेली मानस'चा क्रमांक. केंद्र सरकारची ही मोफत सेवा २४ तास चालते आणि मराठी-हिंदीसह अनेक भाषांत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ ही चाइल्डलाइन आहे. मनावर ओझं असेल तर शिक्षकांनीही पहिला क्रमांक लावायला हरकत नाही, तो फक्त मुलांसाठी नाही.

आनंदाचे तास चालू राहोत, शनिवार आनंदाचा असो, जानेवारीत रस्सीखेचही होऊ द्या. पण आपल्या गावची शाळा स्वस्थ आहे की नाही, हे पाहायचं असेल तर सोमवारी सकाळी साडेदहाला जावं. मूल स्वतःहून पळत आलंय का, आणि गुरुजी त्याला नावानं हाक मारतात का, एवढं पाहिलं तरी पुरे.